खडाखडीतले बुवा

३ नोव्हेंबर, सोमवार

ही वही दर्शनाने आणून दिली. म्हणाली, "आता चोवीस तास घरात असणार तुम्ही. सगळं मलाच सांगू नका, थोडं हिला सांगा." निवृत्तीच्या तिसऱ्याच दिवशी नवऱ्याच्या तोंडाची सोय करणारी बायको मिळायला भाग्य लागतं.

तर वही, ऐक. मी हितेंद्र कुबल, वय अठ्ठावन्न, मुक्काम काळाचौकी. चौतीस वर्षं पालिकेच्या पाणी खात्यात चावीवाला. पहाटे मी रस्त्यातली लोखंडी चावी फिरवली की अख्ख्या गल्लीच्या नळाला पाणी, आणि पाच मिनिटं उशीर केला की अख्ख्या गल्लीच्या शिव्या. पण ती नुसती नोकरी. माझं खरं काम डबलबारी. दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात, दोन बुवा एकमेकांना गाण्यातून आणि बोलण्यातून चिमटे काढतात आणि समोर आमची मालवणी माणसं शिट्ट्या मारतात. समोरच्याच्या आवाजाला बोला, विद्येला बोला, पोटाला, टकलाला, काय वाट्टेल ते. फक्त त्याच्या घरात शिरायचं नाही. बारी संपली की गळाभेट आणि एका पंगतीला जेवण.

अठ्ठावीस वर्षं माझ्या समोर एकच बुवा, भोईवाड्याचा लवू घाडी. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी त्याला स्टेजवर फुटकं घमेलं म्हणतो, तो मला गळको नळ म्हणतो. परवा मी निवृत्त झालो तेव्हा सगळ्यात मोठा हार त्याचाच होता.

८ नोव्हेंबर, शनिवार

काल परळच्या हॉलवर आमची बारी होती. टीव्हीवाले आलेले. 'रणशिंग टीव्ही'ची नूपुर म्हणून एक पोरगी, वय सत्तावीस-अठ्ठावीस, बोलते एवढी भरभर की मधे श्वास घ्यायलाच विसरते. त्यांना भजनावर दोन मिनिटांचं काहीतरी करायचं होतं. बारी संपल्यावर माझ्याकडे आली.

"काका, शेवटच्या गजराच्या वेळी तुमचा माइक बंद पडलेला, माहितेय?"

"नाही बुवा."

"मी बाहेर जिन्यात होते. तिथपर्यंत ऐकू येत होतं." मग माझ्याकडे बघतच राहिली. "राजकारणावर बोलाल का?"

म्हटलं, "मुली, पाण्यावरून चौतीस वर्षं लोकांशी भांडलोय. राजकारण त्याहून काय गढूळ असणार?"

पालिकेची निवडणूक तोंडावर आलीय, त्यांना चर्चेला माणसं कमी पडतायत. सोमवारी संध्याकाळी सातला बोलावलंय. कार्यक्रमाचं नाव 'खडाखडी'. आयला, माझ्यासाठीच ठेवलंय नाव!

१० नोव्हेंबर, सोमवार

वही, तुझा मालक टीव्हीवर झळकला!

लोअर परळला काचेची इमारत आहे. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याच भागात गिरणीत होते. राजरत्न नावाचा मेकअपवाला आहे, नायगावच्या बीडीडी चाळीतला. त्याने माझ्या टकलाला पावडर लावली. मग नूपुर धावत आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही कोणत्या बाजूचे?"

मी म्हटलं, "अँकर माझ्या उजव्या हाताला येईल त्या बाजूचा. डावा कान झांजांनी खाल्लाय."

ती एवढी हसली की कानातलं यंत्र खाली पडलं. "ती सत्तेची खुर्ची आहे, काका."

"चालेल की."

असा मी सत्ताधारी झालो. विषय होता कबुतरांना दाणे घालावेत की नाही. आयुष्यात कधी कबुतराचा विचार केलेला नाही. पण हातात मुद्द्यांचा कागद दिला आणि समोर एक प्रोफेसर बसवले. ते आकडेवारी सांगत होते. मी म्हटलं, "सर, तुमची आकडेवारी ऐकून कबुतरंसुद्धा उडून गेली!" कॅमेरावाला हसला, कॅमेरा हलला. अँकर राजस, म्हणजे सुटाबुटातला पोरगा जो टेबल आपटतो, त्याने टेबल आपटलं. मधे तीनदा वाळवी न लागणाऱ्या प्लायवूडची जाहिरात झाली. प्रोफेसरांना शेवटपर्यंत वाक्य पुरं करता आलं नाही. बिचारे.

घरी आलो तर आये, शहाऐंशी वर्षांची माझी आई रखमा, टीव्हीसमोर अजून टाळ्या वाजवत होती. टीव्हीवर तेव्हा हवामान चाललेलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पाच दिवसांत पाच वेळा! आज वडापाववाल्याने पैसे घेतले नाहीत. "काय धुतला काल त्याला, बुवा!" लालबागच्या मसाला गल्लीत तीन बायकांनी सेल्फी घेतला. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात ते खोटं नाही. दर्शना म्हणते, "बोरं कोण खातंय आणि बिया कोणाच्या दारात पडतायत तेही बघा." बाईला माझं कौतुक सहन होत नाही.

तळमजल्यावरच्या नानांचा चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक. दोनदा समोरून गेले, मला बघितलंच नाही. त्यांना सांगायला हवं, डोळे तपासून घ्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज नूपुरने मला धंदा शिकवला. तिच्याकडे एक पडदा आहे, त्यावर यूट्यूबला त्या क्षणी किती माणसं बघतायत तो आकडा वर-खाली होत असतो. प्रोफेसर बोलायला लागले की आकडा खाली. मी बोललो की वर. माझ्या तर अंगावर काटाच आला. हॉलवर शिट्ट्या ऐकून अंदाज बांधावा लागतो, इथे प्रत्येक चिमट्याची पावती हातात!

मी विचारलं, "बातमी ऐकायला एवढी माणसं येतात?"

"बातमी त्यांना सकाळीच फोनवर कळलेली असते, काका. सातला ते आपला माणूस जिंकताना बघायला येतात. आपला जिंकतोय म्हटल्यावर माणूस जाहिरातीतसुद्धा उठत नाही. प्लायवूडवाले बातमीला पैसे देत नाहीत, त्या न उठण्याला देतात."

काय डोकं आहे पोरीचं! मग ती म्हणाली की आता आकडा थोडा थकलाय. मी लगेच सांगितलं, अगं, थकणारच. समोर लिंबूटिंबू बसवलेत तुम्ही. बारी रंगते ती समोरचा बुवा तोडीस तोड असला तर. आमच्या लवूला बोलवा.

"ते विरोधी बाजूचे आहेत का?"

"आहेत का म्हणजे? अगदी खराखुरा. घरात देवाशेजारी झेंडा आहे त्याच्या. दर निवडणुकीला बूथवर बसतो, चहासुद्धा पक्षाचा पीत नाही, स्वतःच्या पैशाने पितो."

नूपुरच्या डोळ्यांत दिवाळी दिसली मला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काय सांगू, काय सांगू! टीव्हीवर डबलबारी झाली!

लवू आधी नाही म्हणत होता. "हितू, माका ता ढोंग जमाचा नाय. मी जा बोलतंय ता माझा खरां असता." मी म्हटलं, अरे, खरंच बोल की, मला काय, मी चिमटे काढतो. शेवटी राधाबाईंनी, त्याच्या बायकोने, ढकलला. इस्त्रीचा शर्ट घालून आला. विषय रस्त्यांच्या खड्ड्यांचा.

मी पहिला हात मारला, "खड्डे रस्त्यात कमी आणि लवूबुवांच्या आवाजात जास्त!" लवू म्हणाला, "चौतीस वर्षं रस्ते खणणारे आज खड्ड्यावर बोलतायत, चोराच्या उलट्या बोंबा!" राजस टेबल आपटायचं विसरून आमच्याकडे बघत बसला. आकडा चाळीस हजार! नूपुर काचेमागे नाचत होती. शेवटची पाच मिनिटं तर अशी काय लय लागली की पखवाज तेवढा नव्हता.

राजसने "धन्यवाद" म्हटलं आणि मी सवयीने उठलो. लवूही उठला. मी त्याच्या पाया पडलो, त्याने मला उचलून मिठी मारली आणि पाठीत धपाटा घातला, "रे गळक्या!" आम्ही दोघे खो खो हसलो. कॅमेरे चालूच होते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नूपुर रागावली. माझ्यावर! तिने पडदा दाखवला. मिठीच्या क्षणी चाळीस हजार, आणि एका मिनिटात अकरा हजार. पुढची जाहिरात ओस पडली. प्लायवूडवाल्यांचा फोन आला म्हणे.

"काका, तासभर त्यांनी तुमच्यासाठी त्या माणसाचा राग केला. तुम्ही त्यालाच मिठी मारलीत. त्यांना येड्यात काढल्यासारखं वाटलं."

मी म्हटलं, "पण बारी संपली की मिठी मारतातच!"

"ही बारी संपत नाही, काका. तीच तर गंमत आहे."

आता नियम. येताना वेगळं यायचं, मेकअपला वेगळं बसायचं, लिफ्टसुद्धा वेगळी. इमारतीत एकमेकांशी हसायचं नाही. शाळेत असल्यासारखं वाटतंय. लवू गंभीर झाला होता, मी त्याला कोपराने ढोसलं. मागच्या गल्लीत पुलाखाली एक चहाची टपरी आहे. ठरलं, कार्यक्रम संपला की दोघांनी वेगवेगळ्या दारांनी निघायचं आणि टपरीवर भेटायचं. या वयात चोरून भेटायला काय मजा येते म्हणून सांगू!

राजरत्न पावडर पुसता पुसता म्हणाला, "बुवा, तुम्ही दोघं इथून उठलात की मोकळे होता. बघणारा मोकळा होत नाही. तो तसाच जेवायला बसतो." राजरत्न फार विचार करतो. पावडर मात्र छान लावतो.

२६ नोव्हेंबर, बुधवार

चार दिवसांत आकडा साठ हजारांवर. लवू खरंच चिडतो आणि मी त्याला अजून चिडवतो, त्यामुळे खेळ रंगतो. काल टपरीवर तो म्हणाला, "हितू, माझ्या पोरग्याच्या हापिसात तेका लोक विचारतत, तुझ्या बापसाची रोज कित्याक शोभा होता?" मी म्हटलं, शोभा कसली रे, नाव होतंय. त्याने चहा अर्धाच ठेवला. आजकाल त्याला पित्त होतं.

आज वेगळीच भानगड. टपरीवर भजी खाताना कोणीतरी आमचा फोटो काढला. मी लवूच्या बशीतली भजी उचलतोय आणि दोघंही हसतोय. दुपारपर्यंत फोटो सगळीकडे. खाली लिहिलंय, 'समोर शत्रू, मागे भजी'. माझ्या बाजूचे म्हणतात मी विकला गेलो, लवूच्या बाजूचे म्हणतात तो विकला गेला. लवूला त्याच्या पक्षाच्या कचेरीत बोलावून जाब विचारला. मला कोणी जाब विचारला नाही, कारण माझा पक्ष म्हणजे खुर्ची. मला हसूच आवरेना.

मंडळाने दत्तजयंतीच्या भजनाला यंदा दुसऱ्या बुवांना सांगितलंय असं कळलं. बरंच झालं, मला वेळ कुठे आहे?

नूपुर मात्र खूश. शुक्रवारी विशेष भाग. विषय, 'मैत्री की मॅचफिक्सिंग?' म्हणाली, "काका, यातून बाहेर पडायचं तर दोघांनी असं भिडा की लोकांचा विश्वास बसला पाहिजे."

लवू नाहीच म्हणत होता. मी त्याला म्हटलं, ये, तुझ्या लोकांसमोर तुझं नाव धुऊन निघेल. मग तयार झाला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ब्याण्णव हजार!!! वही, ब्याण्णव! 'रणशिंग'च्या इतिहासात नाही झालं असं.

नीट लिहितो. तासभर आम्ही एकमेकांची सालं काढली. शेवटी शेवटी लवू उभाच राहिला. बोट कॅमेऱ्याकडे करून म्हणाला, "चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली, मी माझी बाजू एक दिवस सोडली नाही. एक दिवस!"

आता तूच सांग. समोरच्या बुवाने अशी मोकळी जागा ठेवली तर हात आपोआप जातो. अठ्ठावीस वर्षांची सवय आहे, डोकं मधे येतच नाही. मी म्हटलं, "एक दिवस कशाला, बुवा? अकरा दिवस! ब्याऐंशीच्या संपात पोलिसांच्या गाडीत बसून गिरणीच्या गेटातून आत कामावर कोण गेलं होतं?"

हे मला त्यानेच सांगितलेलं. खूप वर्षांपूर्वी कणकवलीची बारी करून येताना, एसटी थांबली होती तेव्हा. एवढंच म्हणाला होता, "मी अकरा दिवस आत गेल्लंय रे." का गेला ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. परत कधी विषय निघाला नाही.

लवूने माझ्याकडे बघितलं. मग शर्टाला लावलेला माइक काढला, वायर नीट गुंडाळली, टेबलावर ठेवली आणि निघून गेला. राजस ओरडला, "पळाले! लवू घाडी पळाले!" काचेमागे सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. काय एक्झिट घेतली लवूने! मला जन्मात नाही जमणार.

टपरीवर तासभर थांबलो. आला नाही. लोकांनी बघू नये म्हणून सरळ घरी गेला असेल, हुशार आहे. घरी आलो तर आये भिंतीकडे तोंड करून पडलेली. थंडी वाजत असेल. दर्शनाने ताट वाढलं आणि आत गेली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

लवू फोन उचलत नाही. सात वेळा केला. चार्जिंग संपलं असेल.

हे घरात शिरणं झालं का? झालं असेल थोडंसं. पण ती हॉलमधली बारी नव्हती, टीव्ही होता. टीव्हीचे नियम वेगळे. आणि त्यात काय एवढं, त्रेचाळीस वर्षं झाली, ज्यांना राग यायचा ते निम्मे वर गेले. दर्शनाला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वहीला सांगा."

१ डिसेंबर, सोमवार

आज मी मुद्द्यांचा कागद वाचत बसलो होतो. आये खाटेवरून म्हणाली, "टीव्हीर जातलंस?"

"हो. सातला."

"मगे एक आयकान जा. लवू एकटो नाय गेल्लो."

मला वाटलं झोपेत बोलतेय. ती उठून बसली. सगळं सांगितलं, एकदाही न थांबता. संपात तिसरा महिना चालू होता आणि मला विषमज्वर झाला. चौदा वर्षांचा होतो मी. डॉक्टरने इंजेक्शनं लिहून दिली, घरात दाणा नव्हता. अण्णा ठरवून बसले की आत जायचं. पण एकट्याने जायची त्यांची हिंमत होईना. लवू तेव्हा आमच्या खोलीत गावकऱ्यांच्या खाणावळीला जेवायचा, बदली कामगार, एकटा जीव. त्याला आत जायची काही गरज नव्हती.

"तो म्हणालो, चला अण्णा, मी येतंय वांगडा. अकरा दिवस गेले. तुझी इंजेक्शना झाली, तेच्या दुसऱ्या दिसापासून दोघय थांबले. लोकांनी लवूक बघल्यानी, अण्णांका कोणी बघूक नाय. तेका मारल्यानी, तोंडार थुकले. दुसरो कोण होतो ता सांग म्हणाले. तेणां नाव घेवक नाय."

मी म्हटलं, "आये, मला कधी कुणी सांगितलं का नाही?"

"तेणांच माका गळ्याची शपथ घातलेली. म्हणालो, हितूक सांगा नको, तो बापसाक मान देता." मग म्हणाली, "इतकी वर्षां मी लवूक आधी वाढतंय आणि तुका मागसून. कधी विचारलंस, कित्याक?"

मी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, पाहुणा म्हणून.

सातला गेलो नाही. नूपुरचे फोन आले, मी दर्शनाच्या हातात दिले. तिने काय सांगितलं माहीत नाही, पण नंतर फोन बंद झाले. मला लाज वाटते. एवढं एकच वाक्य लिहायला मी अर्धा तास बसलोय.

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळी अकराला भोईवाड्याला गेलो. लवूच्या दारावर कोणीतरी खडूने मोठा अकराचा आकडा लिहिला होता. ओल्या फडक्याने पुसलेला, तरी दिसत होता. राधाबाईंनी दार अर्धं उघडलं.

"ते यायचे नाहीत बाहेर. शनिवारपासून जेवले नाहीत धड. कचेरीतून निरोप आला, बूथवर यायची गरज नाही. कोणी रामराम घेत नाही आमचा." रडत नव्हत्या, त्याने जास्त वाईट वाटलं.

"वहिनी, मला आत येऊ द्या."

"परवा टीव्हीवरून घरात शिरलात तेवढं पुरे." दार लावलं.

मी गॅलरीत उभा राहिलो. आतून लवूचा खोकला ऐकू आला. पोटातून रडू आलं, लहान पोरासारखं, नाक गळायला लागलं. मग मला जे एकच येतं ते केलं. आवाज लावला. म्हटलं, ऐका, चाळीतल्या सगळ्यांनी ऐका! लवू घाडी संपात अकरा दिवस आत गेला, तो माझ्यासाठी. माझ्या बापाच्या सोबतीला. पांडुरंग कुबल, गिरणीच्या साचा खात्यातला, तो पण गेला होता. मार लवूने खाल्ला. औषध मी खाल्लं. खडूने लिहायचं तर माझ्या कपाळावर लिहा.

दारं उघडली. वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. कुणीतरी डोळे पुसले. एक म्हातारे गृहस्थ पुढे आले, लवूच्या दारावर अजून दिसत होता तो आकडा स्वतःच्या सदऱ्याच्या बाहीने घासून काढला आणि परत गेले.

दार उघडलं नाही. मी चालत घरी आलो.

३ डिसेंबर, बुधवार

कालचं माझं ओरडणं कोणीतरी मोबाइलवर घेतलेलं. सकाळपर्यंत सात लाख लोकांनी बघितलं. सात लाख! खोटं कशाला लिहू, आकडा ऐकून माझ्या पोटात फुलबाजी उडाली. लाज बाजूला राहिली आणि मी नूपुरला फोनवर तीनदा विचारलं, सात? नक्की सात?

नूपुर हवेतच होती. "काका, लोक रडतायत! शनिवारी विशेष भाग, 'मैत्रीची महाखडाखडी'. दोन्ही खुर्च्या जवळ घेतो. प्लायवूडवाले नको, लग्न जुळवणारी कंपनी आलीय. आणि काका, आता मिठी मारायची. फक्त ब्रेकनंतर."

मी म्हटलं, "शनिवारी सहा डिसेंबर. दादरला केवढी गर्दी असते, येणार कसं?"

"गाडी पाठवते!"

राजरत्न त्या दिवशी रजेवर असतो, मग माझ्या टकलाला पावडर कोण लावणार, हासुद्धा विचार माझ्या डोक्यात येऊन गेला. असा मी. वही, तुला तरी कळू दे.

दुपारी लवूचा फोन आला. शुक्रवारनंतर पहिल्यांदा आवाज ऐकला, घसा बसलेला होता.

"हितू, माका पण तेंचो फोन इल्लो. एक विचारतंय, खरां सांग. काल तो मोबाइल तुका दिसलेलो?"

नाही म्हणायचं होतं. जिभेवर आलंच होतं. अठ्ठावीस वर्षं या माणसाला मी एकदाही उत्तराशिवाय सोडलेलं नाही.

"हो," मी म्हटलं. "तिसऱ्या दारातून हात वर आला, तेव्हाच दिसला. मग मी आवाज चढवला."

पलीकडे राधाबाई भांडी घासत होत्या ते ऐकू येत होतं.

"आणि रडलंस ता?"

"ते मोबाइलच्या आधीचं, लवू. शपथ."

मग तो म्हणाला, "उद्या येवचा तर ये. एकटो ये. दार उघडीन काय नाय, ता मी आताच सांगणंय नाय." आणि ठेवला.

मी उद्या सकाळी जाणार. तो दार उघडेपर्यंत बसणार गॅलरीत, गप्प, आणि मला गप्प बसता येत नाही हे त्यालाही माहीत आहे. मोबाइल आयेकडे ठेवून जाणार. तिला समजावून सांगितलं, त्या नूपुरचा फोन आला तर उचलायचा नाही.

आये म्हणाली, "उचलून दोन शिव्यो घातलंय तर चलात?"